दोन व्हर्जनवाले चुरीसर

आमच्या ऑफिसात 'फक्त' हा शब्द उच्चारायची सोय नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. पण कुणाच्या तोंडून 'फक्त' निघाला, की आतल्या खोलीचं दार उघडतं आणि हेमंत चुरी नावाचे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बाहेर येतात. "कोण म्हणालं फक्त?" एकदा कुरिअरवाला बिचारा म्हणाला, "साहेब, फक्त एक सही पाहिजे." चुरीसरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सही केल्यावर माणसाच्या डोक्यावर काय काय येतं ते त्याला समजावून सांगितलं. तेव्हापासून तो आमची पाकिटं खालच्या फळांच्या वखारीत टाकून पळ काढतो. ती आणायला मला जिना उतरावा लागतो. या माणसाचा मला जो राग येतो, तो असा जिन्यापासूनच सुरू होतो.

आमची संस्था डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर पाण्याचं काम करते. विहिरींचा गाळ काढायचा, झरे बांधून घ्यायचे, आणि उन्हाळ्यात जिथं काहीच उरत नाही तिथं टँकर पाठवायचा. मी अहवाल लिहिते. चुरीसर डेटाबेस सांभाळतात. म्हणजे कुठल्या पाड्यावर किती घरं, कुठली विहीर कधी आटली, टँकर कुठल्या रस्त्यानं आत जाऊ शकतो, ही सगळी माहिती ज्या मशीनमध्ये आहे, त्या मशीनचे ते मालक, रखवालदार आणि वकील.

मशीनची खोली म्हणजे पूर्वीची खतं ठेवायची खोली. अजून आत युरियाचा वास येतो. तिथं चपला काढून जायचं. आत बोलायचं नाही. चुरीसर कमांड टाईप करताना उभे राहतात, दोनच बोटांनी टाईप करतात आणि त्या आधी पंखा बंद करतात. कारण विचारलं तर म्हणतात, "लक्ष विचलित होतं." कुणाचं, ते सांगत नाहीत.

संतापायला त्यांना तीन भाषा लागतात. आमच्यासाठी मराठी. व्यापारी, इलेक्ट्रिशियन आणि इन्व्हर्टरवाल्यासाठी गुजराती. "ए नै चाले" एवढंच म्हणतात, पण ते ऐकून इन्व्हर्टरवाला बॅटरी परत गाडीत ठेवतो. आणि फोनवरच्या कस्टमर केअरसाठी हिंदी. त्या हिंदीत 'मैं आपको नम्रता से बता रहा हूँ' असं वाक्य असतं आणि ते खालच्या वखारीपर्यंत ऐकू जातं.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा, तर 'अपडेट'चा. त्यांच्या स्वतःच्या फोनवर अपडेट करा म्हणून सूचना येते, ती रोज सकाळी ते अंगठ्यानं अशी सरकवतात, जशी पानावरची नासकी भाजी बाजूला सारावी. "नवीन आलं म्हणून जुनं मेलं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या सासूबाईंनी नवा कुकर आणला तेव्हा माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं, आणि घरात दोन दिवस अबोला झाला. हाही राग मी चुरीसरांच्याच खात्यावर टाकलाय.

आता ते दोन व्हर्जनचं प्रकरण. ते समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि चुरीसरांनी ते मला पाच-सहा वेळा, दर वेळी आवाज चढवून समजावलंय, म्हणून मी न चढवता सांगते.

डेटाबेसला नावं कळतात, आकडे कळतात. जमीन कळत नाही. सायवनपासून अमुक पाडा किती लांब, मधे ओढा आहे की नाही, हे त्याला कळावं म्हणून त्याला एक जोड द्यावी लागते. तिला एक्स्टेंशन म्हणतात. त्या एक्स्टेंशनचं खरं काम आतली एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार हिशेबांची गाठोडी. 'या विहिरीजवळचे पाडे सांग' म्हटलं की ती सांगते.

या लायब्ररीची नवी व्हर्जन येत राहतात. नवीन जास्त हुशार, जास्त जलद. पण नव्यात काही जुन्या कामांची नावं बदलली, काही नावं काढूनच टाकली. आणि टँकर मागवायला पाड्यांवरच्या बायकांकडे आम्ही जे फोन दिलेत, त्यांतलं ॲप जुन्या नावांनीच हाक मारतं. ते ॲप ज्या कंपनीनं करून दिलं ती कंपनी केव्हाच बंद पडली. म्हणजे ॲप बदलता येत नाही, आणि नवी लायब्ररी जुन्या हाकेला ओ देत नाही.

चुरीसरांनी यावर तोड काढली होती. एकाच मशीनवर दोन्ही व्हर्जन शेजारीशेजारी बसवली. जुन्या फोनांचा एक डेटाबेस, त्याला जुनी लायब्ररी. ऑफिसच्या नकाशांचा दुसरा डेटाबेस, त्याला नवी लायब्ररी. जुन्याकडे आलेली मागणी थोड्या थोड्या वेळानं नव्याकडे आपोआप पोचते. कोण कुणाच्या पायात येत नाही. "एका घरात दोन चुली असल्या म्हणून घर मोडत नाही," ते म्हणत. "एक चूल लाथाडली तर मोडतं."

मुंबईच्या मुख्य ऑफिसला मात्र ही दुसरी चूल बघवेना. त्यांनी एक सल्लागार नेमला. निनाद त्याचं नाव. मुलगा वाईट नव्हता हे मी आधीच सांगते, कारण पुढं मी त्याच्यावर पुष्कळ चिडणार आहे. तो डहाणूला एकदाच आला. पांढरे बूट, हातात पाण्याची स्टीलची बाटली. चुरीसरांनी त्याला बूट काढायला लावले, तिथंच त्यांचं बिनसलं.

"सर, सिस्टीम चांगली आहे तुमची," निनाद म्हणाला. "फक्त हे लेगसी काढून टाकू."

मी डोळे मिटून घेतले. एका वाक्यात 'फक्त' आणि 'काढून टाकू'.

चुरीसर आश्चर्यकारक शांतपणे म्हणाले, "लेगसी म्हणजे काय हो?"

"म्हणजे जुनं, वारसा म्हणून आलेलं."

"माझ्या वडिलांनी चिकूची वाडी ठेवलीय. तीही वारसा म्हणून आली. ती काढून टाकू?"

"तसं नाही सर. दोन व्हर्जन ठेवणं म्हणजे दुप्पट मेन्टेनन्स. सिक्युरिटीचा प्रश्न आहे. जुन्या व्हर्जनला आता कुणी सपोर्ट देत नाही."

"मी देतो."

"तुम्ही रिटायर झाल्यावर?"

हा प्रश्न बरोबर होता. मलाही तो पडायचा. चुरीसरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "आधी बायकांचे फोन बदला. नवं ॲप करा. ते पाड्यावर चालतंय का बघा. मग मी स्वतः माझ्या हातानं जुनं काढतो आणि तुम्हाला चहा पाजतो. उलट्या क्रमानं करायचं नाही. नवा पूल बांधायच्या आधी जुनी होडी जाळायची नाही."

निनादनं ते लॅपटॉपवर टिपून घेतलं. मला वाटलं, ऐकलं त्यानं. अहवाल लिहिणाऱ्या बाईला इतकी वर्षं झाल्यावर तरी कळायला हवं होतं की टिपून घेणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

मे महिना लागला. चिंचणीला चुरीसरांच्या भाचीचं लग्न निघालं. सख्खा मामा म्हणून त्यांना जाणं भाग होतं, नाहीतर हा माणूस सुट्टी घेत नाही. जाताना त्यांनी मला मशीनच्या खोलीची किल्ली दिली आणि वर चार सूचना दिल्या, त्यातली एक 'आत जाऊ नका' ही होती. मग किल्ली कशाला दिली, असं मी विचारलं. "आग लागली तर," ते म्हणाले.

आग लागायला आत जावं लागतं असं आम्ही दोघंही समजत होतो. निनादनं मुंबईत बसल्या बसल्या काम केलं. वरून परवानगी होतीच. त्यानं जुना डेटाबेस नव्या व्हर्जनवर आणला, जुनी लायब्ररी काढून टाकली, आणि आम्हा सगळ्यांना मेल पाठवला की मायग्रेशन यशस्वी झालं. मेलच्या शेवटी हसरा चेहरा होता. मी त्याला 'धन्यवाद' असं उत्तरही पाठवलं, कारण सगळ्या मेलना मी तसंच उत्तर देते.

पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसची व्हिडिओवर बैठक. चुरीसर त्याच सकाळी चिंचणीहून परतले होते. कपाळावर कुंकवाचा पुसट टिळा, हातात लग्नाच्या बुंदीचा डबा. आम्हाला बुंदी वाटत वाटतच ते मागच्या खुर्चीत बसले. पडद्यावर निनादनं आलेख दाखवला. एप्रिलमध्ये टँकरच्या मागणीची रेघ उंच चढत गेलेली, आणि मेच्या मधोमध ती एकदम खाली घसरलेली. तलासरीचे पाडे, सायवनच्या पलीकडचे पाडे, सगळ्यांची मागणी जवळजवळ संपलेली. नकाशावर जिथं तिथं हिरवा रंग.

"हा आपल्या विहिरींच्या कामाचा इम्पॅक्ट आहे," मुख्य ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या. काहीजणांनी टाळ्या वाजवल्या. "राऊतबाई, हे अहवालात ठळक घ्या. पाणीटंचाईत लक्षणीय घट."

मी कोसबाडची. त्या सकाळी घरून निघताना आमच्या विहिरीची मोटार हवा ओढत होती, पाणी नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडून उठत नव्हतं. पण आलेख आलेख असतो. मी 'लक्षणीय' शब्द लिहून घेतला.

मागून चुरीसरांचा आवाज आला. "निनाद, मे महिन्यात तलासरीच्या माणसांना तहान लागायची बंद झाली का?"

पडद्यावरचे सगळे चेहरे गोठले. मला आधी वाटलं नेट गेलं.

"सर, डेटा तसं दाखवतोय."

"डेटा गप्प आहे. गप्प बसणं आणि पोट भरलेलं असणं यातला फरक तुमच्या आलेखाला कळत नाही. जुनी लायब्ररी कुठंय?"

निनादनं सांगितलं. फार सभ्यपणे सांगितलं.

मी समजले होते की आता छप्पर उडेल. पण चुरीसर ओरडले नाहीत. त्यांनी बुंदीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेले. खाली त्यांच्या स्कूटरचा आवाज आला आणि लांब गेला. मी बैठकीत सांगून टाकलं, की हे वाक्य मी अहवालात घेणार नाही. का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, खोटं आहे. नोकरीतला माझा तो सर्वांत छोटा अहवाल.

मग मी टँकरच्या ड्रायव्हरला, रमेशला, फोन लावला. "पाड्यांवरून काही निरोप आले का रे?"

"आले ना, ताई. दोन-तीन पाड्यांवरून फोन आले, पाणी नाय म्हणून. मी म्हटलं, ॲपवर टाका. माझ्या मोबाईलवर फेरी आल्याशिवाय गाडी वळवायची नाय, असं वरून सांगितलंय."

"मग आम्हाला का नाही कळवलंस?"

"मला वाटलं तुम्हाला दिसतंय. तुमच्याकडे नकाशा आहे."

हे ऐकून मला जो संताप आला तो कुणावर काढावा कळेना. निनाद म्हणणार, मला सांगितलेलं काम मी केलं. मॅडम म्हणणार, आलेखात होतं. ड्रायव्हर म्हणतोय, वरून सांगितलंय. जो तो आपल्या जागी बरोबर, आणि मधल्यामधे पाड्यांवरचे हंडे रिकामे. अशा वेळी निदान चूक करणारा एखादा दुष्ट माणूस तरी असावा, म्हणजे भांडता येतं.

चुरीसर परत आले ते स्कूटरवर पायाशी एक जुनाट कॉम्प्युटर घेऊन. लग्नातल्या उपरण्यानं त्यांनी तो हँडलला बांधला होता. जुनी लायब्ररी आता बाहेर कुठं मिळत नव्हती, पण घरी त्या मशीनवर त्यांनी ती स्वतः बांधून जपून ठेवली होती. आम्ही दोघांनी तो कॉम्प्युटर जिन्यानं वर नेला. त्यांनी चपला काढल्या, पंखा बंद केला आणि उभे राहिले.

तेवढ्यात निनादचा फोन. त्यांनी तो स्पीकरवर टाकून मला धरायला दिला.

"सर, चालू प्रोडक्शन मशीनवर असं करता येत नाही. टेस्टिंग पाहिजे."

"टेस्टिंग झालंय. सहा वर्षं पाड्यांवरच्या बायका करतायत."

"पण सर, नवीन डेटाबेस बिघडला तर?"

"त्याला मी हात लावत नाहीये. तो आपल्या लायब्ररीवर चालतोय, चालू दे. मी शेजारी जुनी परत बसवतोय, तिच्यावर जुना डेटाबेस बॅकअपमधून उभा करतोय. तुझी चूल तशीच आहे बाबा, तिच्यावर कर तुला काय करायचंय ते."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग निनाद म्हणाला, "सर, दोन्ही लायब्ररींच्या फाईलची नावं वेगळी आहेत का? एकच असेल तर जुनी नवीवर चढेल."

चुरीसरांची दोन बोटं थांबली. त्यांनी पुन्हा बघितलं. "वेगळी आहेत," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "विचारलंस ते बरं केलंस." मी त्यांच्या तोंडून कौतुक ऐकायची ही पहिलीच वेळ, आणि तेही या मुलाचं. मला थोडा रागच आला.

दुपार कलली तेव्हा त्यांनी शेवटची कमांड मारली आणि पंखा लावला. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही. मग एक ओळ आली. एका पाड्याचं नाव आणि 'टँकर हवा'. मग दुसरी. मग ओळी थांबेचनात. न पोचलेली मागणी ते ॲप फोनमध्येच धरून ठेवतं आणि पुन्हापुन्हा पाठवायचा प्रयत्न करतं. इतके दिवस ते सगळे फोन दार ठोठावत होते. कित्येक पाड्यांची तीच ती मागणी रोज सकाळची, एकाखाली एक. नकाशावरचा हिरवा रंग बघता बघता लाल झाला.

रमेशला आणि दुसऱ्या ड्रायव्हरला फेऱ्या गेल्या. चुरीसर खुर्चीत बसले आणि त्यांनी बुंदी मागितली. खाता खाता पडद्यावरून त्यांचं बोट फिरत होतं. ते एका जागी थांबलं.

"आंबेपाडा आला नाही."

आंबेपाडा तलासरी तालुक्यात, अगदी आत. मी म्हटलं, तिथं पाणी असेल.

"त्यांची विहीर सगळ्यात आधी आटते. दर वर्षी. फोन कुणाकडे आहे?"

"जानकी धोडी म्हणून आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या. रोज न चुकता मागणी टाकायच्या."

"मग फोन बंद का आहे?"

त्यांनी रमेशला फोन करून पहिला टँकर आंबेपाड्यावर वळवायला लावला. संध्याकाळी मुख्य ऑफिसचा मेल आला. 'तात्पुरती व्यवस्था म्हणून दोन्ही व्हर्जन ठेवायला हरकत नाही.' 'तात्पुरती' या शब्दावर चुरीसर इतके भडकले की खालच्या वखारीतला माणूस काय झालं म्हणून वर बघायला आला. चला, म्हटलं, सगळं जागेवर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसची जीप घेऊन माझ्या दारात उभे. "आंबेपाड्याला जायचंय. तुम्ही चला. मला बायकांशी बोलता येत नाही."

हे मात्र खरं होतं. पुरुषांशीही येत नाही, पण ते मी बोलले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर येऊन गेलेला होता. हंडे भरलेले होते. जानकीबाई घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या ते कापडात गुंडाळलेला फोन घेऊन. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "दुसरे कुणाला द्या. मना वाटला मीच काय तरी वाकडा दाबला."

हळूहळू कळलं ते असं. लायब्ररी गेली त्या दिवशी जानकीबाईंनी नेहमीसारखं टेपावर, म्हणजे मागच्या टेकडीवर जाऊन, जिथं रेंज मिळते तिथं, बटण दाबलं. चाक फिरत राहिलं आणि खाली लाल अक्षरात इंग्रजी ओळ आली. दुसऱ्या दिवशी तीच. टँकर आला नाही. बाया विचारायला लागल्या. लखमी नावाची एक शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, शिकलेली म्हणून हिला फोन दिला, हिनं बिघडवून ठेवला. मग बाया पहाटे उठून ओढ्यातल्या डबक्यापर्यंत चालत जायला लागल्या आणि जाताना जानकीबाईंना हाक मारेनात. त्यांनी फोन बंद करून कापडात बांधला. ऑफिसला सांगावं तर ऑफिस फोन काढून घेईल, आणि गावात मग तोंड कसं दाखवायचं.

मी त्यांना समजावायला लागले की तुमची चूक नाही, आमच्या मशीनमध्ये बिघाड झाला होता. त्या मान हलवत होत्या. पटत नव्हतं त्यांना. मी ऑफिसातली बाई, गोड बोलायला आलेली.

चुरीसर उठले. "बायांना बोलवा," ते म्हणाले. "सगळ्यांना."

दहा-पंधरा बाया जमल्या. चुरीसर मधे उभे राहिले. हे लायब्ररी, एक्स्टेंशन, व्हर्जन असं काही तरी काढणार आणि सगळी पंचाईत होणार, अशी मला भीती होती. त्यांनी तसलं काही काढलं नाही.

"या बाईंनी बरोबर दाबलं होतं," ते म्हणाले. "रोज दाबलं. पलीकडं त्यांचं बोलणं कळणारा एक जुना माणूस बसलेला असतो. आम्ही त्याला उठवून घरी पाठवला, आणि त्याच्या जागी जो बसवला त्याला यांची भाषा येत नव्हती. म्हणून पाणी आलं नाही. चूक आमच्या ऑफिसची. यांची नाही."

बाया एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं विचारलं, "मंग तो जुना माणूस आता?"

"परत आणून बसवलाय. नवाही आहे. दोघं शेजारी बसतात."

कुणीतरी हसलं. जरा मोकळं झालं. मला वाटलं आता निघू. पण चुरीसरांनी विचारलं, "लखमी कोण यातली?"

लखमी नव्हती. ती तलासरीच्या बाजारात गेली होती, संध्याकाळपर्यंत येईल.

"थांबतो मी," ते म्हणाले.

मी घड्याळ बघितलं, डोक्याला हात लावला, हळू आवाजात सांगितलं की बायका तिला सांगतील. ते ओट्याच्या कडेला जाऊन बसले. तिथंच आम्ही भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी खाल्ली. उन्हाची काहिली, माशा, आणि हा माणूस रस्त्याकडे बघत बसलेला. दुपारी मला चक्क डुलकी लागली.

उन्हं उतरल्यावर लखमी आली. डोक्यावर टोपली, अंगानं धिप्पाड, आवाज चुरीसरांना भारी पडेल असा. चुरीसर उभे राहिले आणि सकाळचं सगळं त्यांनी तिला पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं. निनादचं नाव नाही, मॅडमचं नाव नाही. दर वेळी 'आम्ही'.

लखमीनं टोपली खाली ठेवली. "मंग हा आधी येऊन सांगायला पायजे होता ना तुमी."

"होय," चुरीसर म्हणाले. "आधी यायला पाहिजे होतं. चुकलं आमचं."

लखमीनं पदरानं तोंड पुसलं. मग जानकीबाईंकडे वळून म्हणाली, "आण तो फोन. चाललाय का बघू."

जानकीबाई म्हणाल्या, आज पाणी आलंय, कशाला दाबायचं. "तरी दाबा," चुरीसर म्हणाले. दोघी टेपावर गेल्या. आम्ही खालून बघत होतो. जानकीबाईंनी हात पुरता लांब करून फोन धरला, मान मागं घेतली आणि बटण दाबलं. लखमी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मग ती खाली बघून ओरडली, "गेला निरोप."

चुरीसरांनी मान डोलावली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तलासरीहून डहाणूला येताना संतापण्यासारखं पुष्कळ असतं. हायवेला उलट्या बाजूनं येणारे ट्रक, खोदून ठेवलेले रस्ते, कुठल्याशा कामासाठी तोडलेली झाडं. मी वाट बघत होते. ते कशालाही काही बोलले नाहीत. डहाणूचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले,

"राऊतबाई, नवं ॲप मी करायला घेतलंय. सुट्टीच्या दिवशी बसतो. घरी तसं कुणी नसतंच."

"बरं झालं," मी म्हटलं.

"त्या जानकीबाई फोन लांब धरतात, बघितलंत ना? नव्यात अक्षरं मोठी ठेवावी लागतील."